हरायची अट आधी सांगा

अल मनखूलमधल्या आमच्या फ्लॅटवर परवा वाद झाला. एका मैत्रिणीला स्थळ आलंय आणि मुलाकडच्यांना आधी पत्रिका हवी आहे. मी जयंत नारळीकर पुन्हा वाचायला काढले.

त्यांच्या सार्वजनिक लेखनात मला सगळ्यात टिकाऊ वाटतं ते फलज्योतिषावरचं. २००१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोग फलज्योतिष विद्यापीठांत आणत होता, तेव्हा त्यांनी विरोधात लिहिलं. २००८ मध्ये सहकाऱ्यांसह थेट चाचणीच घेतली. प्रत्येकी ४० पत्रिका. मूल हुशार की बौद्धिकदृष्ट्या अक्षम, एवढंच ओळखायचं. २७ ज्योतिषांची सरासरी ४६ टक्के. नाणं उडवूनही ५०च्या आसपास येतात! यात टिंगल कुठेच नाही. हरायची अट मात्र आधीच ठरलेली.

हीच कसोटी त्यांच्या विश्वशास्त्राला लावली तर? १९६५ मध्ये विश्वातलं पार्श्वभूमी प्रारण सापडल्याचं जाहीर झालं आणि बहुतेकांनी स्थिर स्थिती सिद्धांत सोडला. नारळीकरांनी हॉइल आणि बर्बिज यांच्यासोबत १९९३ मध्ये तो बदलून पुन्हा मांडला. निरीक्षण आडवं आलं की सिद्धांताला ठिगळ, हे मला खटकतं. पण तो सिद्धांत आकडे देत होता, म्हणून तर तो मागे पडलेला दिसतो. पत्रिकेलाही त्यांनी हरायची तेवढीच संधी दिली.

पत्रिका पाठवायची का, ते मैत्रीण ठरवेल. तिला एवढंच म्हटलं, ‘जुळते’ म्हणणाऱ्याला विचार: चुकलं असेल तर ते कशावरून कळेल?