घाट हा बिंदू नव्हे

भ्रमणध्वनीवरील नकाशे आता पादचाऱ्यास मराठीतून वाट सांगतात, आणि त्यांच्या वाक्यरचनेत दोष काढण्यासारखे फारसे नसते. माझा आक्षेप त्यांच्या अर्थविचारावर आहे. तो ‘घाट’ ह्या एका शब्दाच्या आधारे मांडता येईल.

मुरबाडहून नाणेघाट चढू इच्छिणारा वैशाखरे गावापुढे हमरस्ता सोडून रानात शिरतो. त्याच्या लेखी घाट म्हणजे पायथ्यापासून माथ्यावरील खिंडीपर्यंतची सबंध वाट होय. सातवाहनकालीन लेणे व त्यातील शिलालेख ही ती वाट संपत आल्याची खूण. नकाशास मात्र प्रत्येक नामासाठी एक बिंदू हवा असतो. तो माथ्यावर पडतो, आणि माथ्यापर्यंत जुन्नरकडून मोटार जाते. म्हणजे मोटारीतील मनुष्याचे गंतव्य आणि पायी निघालेल्याचा मार्ग ह्या दोहोंस एकच नाव, एकच खूण! मोटारवाल्यास माळशेज चढून वळसा घालणे परवडते. पादचाऱ्यास वाटेचे तोंड सापडले नाही तर रानातच दिवस मावळतो.

दिग्वाचक शब्दांची स्थितीही अशीच. ‘उजवीकडे वळा’ ह्या आज्ञेचा अर्थ चालणाऱ्याचे तोंड कोणीकडे आहे ह्यावर अवलंबून असतो. रस्त्यावरील मोटारीचे तोंड ठरलेले असते. धुक्यात दोनदा मागे वळून पाहिलेल्या मनुष्याचे नसते. देहसापेक्ष व भूप्रदेशाधिष्ठित दिग्दर्शन ह्यांतील भेद स्टीफन लेव्हिन्सन ह्यांनी २००३ सालच्या आपल्या ग्रंथात विस्ताराने मांडला आहे. मराठीत दुसऱ्या प्रकारची सामग्री विपुल आहे : ‘वरच्या अंगाला’, ‘ओढ्यापल्याड’, ‘डोंगर उजव्या हाताला ठेवून’. शेवटच्या प्रयोगात ‘उजवा’ आहे खरा. पण तो डोंगराला बांधलेला आहे, आणि म्हणूनच निर्धोक आहे.

गूगलने २००९ साली भारतातील मार्गसूचनांत परिसरातील ठळक खुणांचा अंतर्भाव केला, हे योग्यच झाले. तथापि पेट्रोलपंप, देऊळ ह्या खुणा रस्त्याकाठच्या. शहापूरकडील भातखाचरांतून उन्हाळ्यात आडवी जाणारी पायवाट लावणीनंतर बांधावर सरकते. ती एकाच रेषेने कायमची काढणे म्हणजे ऋतूच नाकारणे होय.

रचनाकाराने प्रथम विचारावयाचा प्रश्न ‘कोठे जावयाचे?’ हा नसून ‘कोणीकडून चढणार?’ हा असावा. उत्तर मिळताच सबंध वाट, तिची दोन्ही टोके आणि खुणांचे शब्द पायथ्याशीच यंत्रात साठवून द्यावेत. पुढे रानात दूरध्वनीचे जाळे पोहोचेलच असे नाही.