रिकाम्या सायकल मार्गाचा पुरावा

पुण्यातील सायकल मार्गांच्या वादात एक प्रश्न हमखास येतो : ‘मार्ग बांधले, पण सायकली आहेत कुठे?’ हा युक्तिवाद मला तपासावासा वाटतो, कारण त्याच्या बळावर रस्त्याच्या रुंदीची वाटणी ठरते.

इंडियन रोड्स काँग्रेसने १९६२ साली घातलेला निकष असा : रस्त्यावर तासाला १०० ते २०० मोटारवाहने असतील आणि गर्दीच्या वेळी ४०० सायकली, तर स्वतंत्र मार्ग द्यावा. वाहने २०० च्या वर गेली, तर १०० सायकलीही पुरेशा. म्हणजे मोटारी वाढतात तशी सायकलींची अट सैल होते. निकषाच्या मुळाशी धोक्याचा विचार आहे. आपल्या वादात तो उलटा झाला : मोटारी वाढल्या, सायकली घटल्या, म्हणून मार्ग नको.

निकषाचीही मर्यादा आहे. तो रस्त्यावर उरलेल्यांनाच मोजतो. भीतीपोटी घरच्यांनी जिची सायकल बंद केली, ती शाळकरी मुलगी मोजणीत येत नाही.

मी रोज जातो त्या मार्गावर आधी उभ्या दुचाकी लागतात, मग विजेचा डीपी, आणि ऐन चौकात, जिथे धोका सर्वाधिक, तिथे मार्गच संपतो. २०१७ साली महापालिकेने मंजूर केलेल्या सायकल आराखड्याचा भर सलग जाळ्यावर होता. तुकडे बांधून ते रिकामे दिसतात म्हणणे, हा त्या आराखड्याविरुद्धचा पुरावा मला मान्य नाही. आधी चौक जोडावेत. सायकली त्यानंतर मोजाव्यात.