मृदू बहुवारिकांचा भंग : लेक–टॉमस उपपत्तीचे पुनर्परीक्षण

रबरासारखा मृदू पदार्थ फाटतो तेव्हा रेणूंच्या पातळीवर नेमके काय तुटते, या प्रश्नाला जी. जे. लेक व ए. जी. टॉमस यांनी १९६७ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या कार्यवृत्तात दिलेले उत्तर आजही पदव्युत्तर अध्यापनाचा आधार आहे. त्या उत्तराचे बळ कशात आहे आणि त्याची मर्यादा कोठे सुरू होते, हे तपासणे एवढाच प्रस्तुत टिपणाचा हेतू होय.

भेग पुढे सरकण्यास ऊर्जेचा हिशेब जुळावा लागतो, हा विचार ग्रिफिथने १९२० साली काचेसंबंधी मांडला. रिव्हलिन व टॉमस यांनी १९५३ साली तो रबराला लावला. परंतु साधा हिशेब येथे फसतो. एका चौरस मीटर प्रतलाला छेदणाऱ्या बहुवारिक साखळ्यांची संख्या दहाच्या अठराव्या घाताच्या परिमाणाची असते. प्रत्येक साखळीतील एकच कार्बन–कार्बन बंध तुटतो असे धरल्यास एक ज्यूलही ऊर्जा लागू नये. प्रत्यक्षात मात्र फाडण्याच्या नेहमीच्या चाचणीत ती हजारो ज्यूल भरते. लेक व टॉमस यांची सूझ अशी की, तुटतो एक बंध, पण ताणले जातात दोन जोडबिंदूंमधील सर्व, म्हणजे शंभराच्या आसपास. आणि साखळी तुटताच त्या सर्वांत साठलेली ऊर्जा वाया जाते. अशा रीतीने उत्तर काही दशक ज्यूलांवर येते. लेक व लिंडली यांनी १९६५ साली वारंवार ताणाच्या प्रयोगांतून भेग न वाढण्याची जी किमान मर्यादा काढली होती, तिच्याशी ते जुळले. उपपत्तीचे खरे यश हेच होय.

दशकांपासून हजारांपर्यंतचे उरलेले अंतर मात्र श्यान घर्षणाच्या खात्यावर टाकण्याचा प्रघात पडला. भेगेच्या प्रतलात तुटणाऱ्या साखळ्यांची संख्या कायम राहते, आणि वेग व तापमान यांनुसार बदलते ते केवळ घर्षण, असे गृहीत धरले गेले. हे गृहीत सोयीचे होते. ते सिद्ध झालेले नव्हते, कारण तुटलेल्या साखळ्या मोजण्याचे साधनच हाती नव्हते.

ते साधन पुढे रसायनशास्त्राने दिले. २०१४ साली क्रेतों व त्यांच्या सहकाऱ्यांनी तुटताना प्रकाश देणारे बंध जाळ्यात गुंफून भंग प्रत्यक्ष पाहिला. २०२० साली स्लूटमन, क्रेतों प्रभृतींनी तुटल्यावर प्रतिदीप्त होणारे रेणू वापरून साध्या जाळ्यांतील तुटलेले बंध मोजले. तुटफूट भेगेच्या प्रतलापुरती मर्यादित न राहता शेकडो मायक्रोमीटरपर्यंत पसरू शकते, आणि वेग व तापमान यांनुसार तिचे प्रमाण शंभर पटींपर्यंत वाढू शकते, असे त्यांना आढळले. म्हणजे घर्षण आणि बंधभंग ही दोन स्वतंत्र खाती नव्हेत; एक वाढले की दुसरेही वाढते. तथापि हे प्रयोग आदर्श ॲक्रिलेट जाळ्यांवरील आहेत. ताणाखाली स्फटिक बनणारे नैसर्गिक रबर किंवा काजळी मिसळलेले व्यापारी रबर यांना ते निष्कर्ष जसेच्या तसे लावणे उतावीळपणाचे ठरेल.

नांदेड–लातूरकडील अभ्यासकांना या वादाचे महत्त्व केवळ पुस्तकी नाही. ज्या लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या भागात ठिबक संचातील गळती ही क्षुल्लक बाब नव्हे. पीव्हीसीच्या सबमेनला लॅटरल जोडताना भोकात बसविले जाणारे रबरी ग्रोमेट घ्या. ते झटक्याने फाटत नाही. सतत ताणाखाली, चाळीस अंशांवरील उन्हाळ्यात, कणाकणाने चिरत जाते. संथ वेग आणि वाढते तापमान या दोहोंनी श्यान घर्षण घटते, आणि पदार्थ आपल्या किमान मर्यादेकडे सरकतो. म्हणून खोलीच्या तापमानात वेगाने फाडून मिळालेला मोठा आकडा अशा ग्रोमेटच्या आयुष्याविषयी फारसे सांगत नाही. किंबहुना, प्रयोगशाळेतील वेगवान फाटीपुढे जी उपपत्ती अपुरी पडते, तीच शेतातील संथ भंगाच्या अधिक जवळची ठरते. ऊन व प्राणवायू यांनी ताणाविनाही होणारा साखळ्यांचा ऱ्हास मात्र तिच्या कक्षेबाहेर राहतो. त्याचा विचार वेगळाच करावा लागेल.

तेव्हा लेक–टॉमस उपपत्ती टाकून द्यावी असे नव्हे. ती किमान मर्यादेची उपपत्ती म्हणून शिकवावी, सर्व भंगाचे स्पष्टीकरण म्हणून नव्हे. विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत भंगऊर्जेचा आकडा येतो तेव्हा त्याच्यासोबत भेगेचा वेग व तापमान यांचीही नोंद असावी. शक्य तेथे वारंवार ताणाची संथ चाचणीही घ्यावी. तिला महागड्या सूक्ष्मदर्शकाची गरज नाही. चिकाटी आणि उष्ण कोठी एवढ्यावर ती होऊ शकते. वेग आणि तापमान यांविना दिलेली भंगऊर्जा ही अर्धीच नोंद समजली पाहिजे.