दोन मिलिमीटर दात

दाढेवर बसवायची कॅप तोंडात जाण्याआधी निवांत पाहायला मिळणं दुर्मीळच. मामांच्या खालच्या डाव्या पहिल्या दाढेची कॅप मला तशी पाहायला मिळाली, सुरतेत तापीपलीकडच्या कोसाडमधल्या एका छोट्या दवाखान्यात. लॅबमधून ती साच्यावर बसूनच आली होती. डॉक्टरांनी ती साच्यासकट माझ्या हातात दिली आणि मी खिडकीशी जाऊन उभा राहिलो. एखाद्या घडवलेल्या वस्तूचं रसग्रहण करायचं, तर या वस्तूचं करावं असं तेव्हाच वाटलं.

मामा मूळचे अमळनेरकडचे. सुरत-भुसावळ रेल्वेनं खानदेशातून इथं आणलेल्या असंख्य माणसांपैकी एक. सगळी उमर लूमवर गेली. कळण्याची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि जेवणानंतर दाढेखाली सुपारी. त्या दाढेत जुनी चांदी भरलेली होती आणि भोवतीच्या भिंती पातळ झाल्या होत्या. सुपारी फोडताना जिभेकडची भिंत तुटली. रूट कॅनॉल झालं, आणि मग कॅप.

पहिली दाढ सहाव्या वर्षाच्या आसपास, दुधाच्या दातांच्या मागे गुपचूप उगवते. घरच्यांना ती दुधाचीच वाटते, म्हणून तिची हेळसांड होते आणि पुष्कळदा किडायला सुरुवातही तिच्यापासूनच होते. चावण्याचा मोठा भार मात्र तिच्यावर. तिची उंचवट्यांची रचना वाचण्यासारखी असते. गालाकडे तीन, जिभेकडे दोन. गालाकडचे बोथट, कारण चावताना वरच्या दाढेच्या खोलगटात तेच उतरतात. जिभेकडचे जरा टोकदार. कारागिरानं हा फरक सांभाळला होता. उंचवट्यांमधल्या चरांतून चिरडलेलं अन्न बाजूला सरकतं, त्यामुळे त्या चरांची वळणं शोभेची नसतात. त्यानं चरांत तपकिरी छटेची इतकी हलकी रेघ ओढली होती, की दाढ वापरातली वाटावी. वरचं पाणीही नीट दिलं होतं. इथं गुळगुळीतपणा फार महत्त्वाचा, कारण ही कॅप झिर्कोनियाची, आणि खरखरीत झिर्कोनिया समोरचा खरा दात झिजवतो.

रंगावर घरात थोडी चर्चा झाली. मामेबहिणीचं म्हणणं होतं, नवी करतोच आहोत तर पांढरीशुभ्र करू. डॉक्टरांनी रंगपट्टी शेजारच्या दाढेला लावून दाखवली. सोळा छटांची ही व्हिटा पट्टी १९५६ पासून जगभर वापरात आहे. छटा पाहायची ती कामाला हात घालण्याआधी, दिवसाच्या उजेडात, दात ओला असताना; तोंड उघडं राहून दात सुकला की तो असतो त्यापेक्षा पांढरा दिसतो आणि निवड चुकते. शेवटी शेजारणीला जुळणारा पिवळसर रंग ठरला, हिरडीकडे किंचित गडद होत जाणारा. मला तो निर्णय कॅपइतकाच सुंदर वाटला. शुभ्र दाढ त्या रांगेत परकी दिसली असती.

आता मालमसाला. झिर्कोनियम हे मूलद्रव्य क्लाप्रोथ या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं १७८९ मध्ये ओळखलं. त्याचं ऑक्साइड म्हणजे झिर्कोनिया. सुरतेत हिऱ्याच्या गावातच 'अमेरिकन डायमंड' म्हणून जो खडा विकला जातो, तोही झिर्कोनियाच. फरक यट्रियम ऑक्साइडच्या प्रमाणात आणि स्फटिकाच्या ठेवणीत. खड्यात हे ऑक्साइड जास्त, म्हणून तो पारदर्शक. दाढेच्या झिर्कोनियात ते कमी ठेवतात, आणि त्यातून एक विलक्षण गुण येतो. तडा जायला लागला की त्याच्या टोकाशी असलेले कण ताणाखाली आपली ठेवण बदलतात आणि साधारण चार टक्के फुगतात. फुगलेले कण तडा दोन्हीकडून दाबून धरतात आणि तो पुढे सरकायला अडतो. ऑस्ट्रेलियातल्या गार्वी, हॅनिंक आणि पॅस्को यांनी १९७५ मध्ये 'नेचर'मध्ये हे मांडलं, तेव्हा शीर्षकातच विचारलं होतं की याला सिरॅमिकचं पोलाद म्हणावं का. सुपारी फोडणाऱ्या माणसाच्या दाढेसाठी याहून योग्य पदार्थ मला सुचत नाही. पुढच्या दातासाठी मात्र मी हा पदार्थ निवडणार नाही. तिथं उजेड आत शिरून परत यायला हवा, आणि त्यासाठी लिथियम डायसिलिकेटची काच अधिक बोलकी.

घडणही ऐकण्यासारखी आहे. खडूसारख्या मऊ अवस्थेतल्या ठोकळ्यातून यंत्र कॅप कोरतं, पण मुद्दाम मोठी. मग साधारण पंधराशे अंशांच्या भट्टीत ती भाजली जाते आणि सर्व बाजूंनी सुमारे एक पंचमांश आक्रसते. किती आक्रसेल हे आधीच मोजलेलं असतं, म्हणूनच ती भट्टीतून मापाची होऊन निघते.

इथवर कौतुक कॅपचं झालं. पण डॉक्टरांनी कॅप साच्यावरून उचलली आणि खालचा, कोरून ठेवलेल्या दाताचा ठसा दाखवला, तेव्हा या कामाचा खरा गाभा दिसला. चारही बाजूंनी दात किंचित निमुळता केलेला, आणि हिरडीच्या वर सगळीकडून सुमारे दोन मिलिमीटर उंचीचा मूळ दात शाबूत राखलेला. कॅपची भिंत हा पट्टा भोवतीनं कवेत घेते. बैलगाडीच्या लाकडी चाकाला लोखंडी धाव जशी आवळून धरते, तसं. पट्टा नसेल तर कॅप कितीही मजबूत असो, चावण्याचा जोर मुळावर येतो आणि दात मुळाशीच तुटतो, नाहीतर कॅप निघून येते. मामांचा दात जिभेकडून खोल तुटला होता. तिथं ही उंची मिळावी म्हणून डॉक्टरांनी आधी हिरडीची कड थोडी खाली घेतली होती आणि ती भरून येईपर्यंत थांबायला लावलं होतं. मामा त्या थांबण्याला वैतागले होते. कॅप कुणीही यंत्रावर काढून देईल. हे दोन मिलिमीटर वाचवायची दृष्टी डॉक्टरांची होती, आणि या कृतीचं श्रेय मी आधी तिलाच देतो.

बसवताना निळा कागद चावायला दिला. गालाकडच्या मागच्या उंचवट्यावर गडद ठिपका उमटला, तेवढीच जागा घासली आणि पुन्हा चकचकीत केली. केसाएवढी उंच राहिलेली कॅप जबड्याला सतत टोचते, हे मामांनीच पहिल्यांदा ओळखलं: "इथं लागतंय, डॉक्टर, जरासं." मग सिमेंट, आणि कडेनं बाहेर आलेलं सिमेंट बारकाईनं काढणं. दोन दातांमधून दोरा ओढला तेव्हा तो किंचित अडून सुटला. तेवढा घट्टपणा हवाच, नाहीतर तिथं शेंगदाण्याचे कण अडकत राहतात.

झिर्कोनियाला कीड लागत नाही. कॅपच्या काठाखालच्या दाताला लागते, आणि रूट कॅनॉल झालेल्या दातात नस नसल्यामुळे ती दुखून कळवतही नाही. म्हणून डॉक्टरांनी ब्रश कॅपवर नव्हे, कॅप आणि हिरडी भेटतात त्या रेषेवर तिरका धरायला शिकवला, आणि मामींना त्यांची मिश्री आता सोडा म्हणाले. मामींनी ते कबूल केलेलं नाही. मामांची सुपारी मात्र बंद झाली आहे. भाकरी ते पुन्हा डाव्या बाजूनं खातात.