सांध्यातली मोकळीक

वाशिम जिल्ह्यातल्या पोहरादेवीला, बंजारा समाजाच्या काशीत, रामनवमीची यात्रा भरते तेव्हा उन्हं चांगलीच तापू लागलेली असतात. मे महिन्यात या भागात पारा ४३-४४ अंशांवर जातो, तर पौषातल्या पहाटे १०-१२ पर्यंत उतरतो. इथल्या पत्र्याच्या छपराला लावलेली प्लास्टिकची पन्हळ वाचायची ती या फरकातून. तिचा विषय पाऊस असला, तरी तिची घडण उन्हाने ठरवलेली असते.

पीव्हीसी एका अंशाने तापलं की मीटरमागे साधारण ०.०६ मिलिमीटर वाढतं. आकडा क्षुल्लक वाटतो. पण १२ मीटरच्या वळचणीला ४० अंशांचा फरक लावून पाहा: पन्हळ जवळपास तीन सेंटिमीटर लांबते. तेवढ्याच उष्णतेत पोलादी पन्हळ सहा मिलिमीटरही वाढत नाही.

ही वाढ चांगला कारागीर अडवत नाही, तिला वाट देतो. खाली उतरणाऱ्या पाइपाजवळचा तुकडा तेवढा स्क्रूने पक्का. बाकीची ओळ ब्रॅकेटांत अशी बसवलेली, की निसटू नये पण सरकावी. सांध्यात सोल्युशनऐवजी रबरी पट्टी. टोकाची टोपी भिंतीला न भिडलेली. कारंजामार्गे जाणाऱ्या शकुंतला रेल्वेच्या रुळांतही हीच समज होती: दोन रुळांमध्ये फट, आणि बोल्टाहून मोठं भोक. गाडीचा खडखडाट त्या फटींतूनच यायचा. वृत्तात यती असते तशी ही फट. ती गाळली तर ओळ मोडते.

मोडते म्हणजे काय, तेही दिसतं. जागा न मिळालेली पन्हळ दुपारी दोन ब्रॅकेटांमध्ये फुगते, ढाळ बिघडतो, पाणी मध्येच साचतं. कधी सांधाच उसळून सुटतो.

या रचनेतली सर्वांत बारीक जागा म्हणजे वेळेचं भान. पन्हळी बहुधा मृगाच्या तोंडावर, भर उन्हाळ्यात बसतात. तेव्हा तुकडा आधीच ताणून लांब झालेला असतो. तो सांध्यात जवळजवळ पुरा आत सरकवावा लागतो, कारण पुढे तो आखडणारच आहे. हिवाळ्याच्या सकाळी बसवला, तर उलट: सात-आठ मिलिमीटर मोकळे ठेवायचे. माप तेच, तुकडा तोच. पण बसवण्याच्या घडीप्रमाणे फट बदलते. हातात टेप आहे म्हणून हे जमत नाही, प्लास्टिकला हात लावून पाहावं लागतं.

म्हणूनच या कामाचा निकाल मृगाच्या पहिल्या सरीवर लावू नये. पावसाळ्यात हवा मधली असते, बेताची पन्हळही तेव्हा निभावून जाते. विदर्भात जानेवारीत अवकाळी पाऊस येतो, तुकडे पुरते आखडलेले असतात, आणि तेव्हा सांधा गळला नाही, तर बसवणाऱ्याला काम कळलं होतं असं खुशाल म्हणावं.