‘निधी’ की कर्ज? : हवामान-वित्ताच्या परिभाषेची चिकित्सा

हवामान बदलविषयक आंतरराष्ट्रीय वाटाघाटींतील ‘क्लायमेट फायनान्स’ ही संज्ञा मराठी वृत्तपत्रांत बहुधा ‘हवामान निधी’ या रूपात येते. हे भाषांतर निरुपद्रवी नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ‘निधी’ म्हटले की कोणीतरी कोणासाठी तरी बाजूला काढून ठेवलेला पैसा, असा अर्थ मनात येतो. तो व्याजासह फेडावयाचा आहे असे कोणी समजत नाही. ‘फायनान्स’ या शब्दात मात्र अनुदान, सवलतीचे कर्ज, बाजारदराचे कर्ज आणि खाजगी गुंतवणूक हे सारे सामावते.

२००९ साली कोपनहेगन येथे विकसित राष्ट्रांनी २०२० पर्यंत दरवर्षी १०० अब्ज डॉलर ‘उभारण्याचे’ उद्दिष्ट स्वीकारले. ‘ओईसीडी’ या प्रामुख्याने श्रीमंत राष्ट्रांच्या संघटनेच्या गणनेनुसार ते प्रथम २०२२ मध्ये, म्हणजे दोन वर्षे उशिरा, गाठले गेले. त्या वर्षीचा आकडा ११५.९ अब्ज डॉलर होता. त्यातील सार्वजनिक वित्त ९१.६ अब्ज डॉलरचे असून त्यापैकी सुमारे ६९ टक्के रक्कम कर्जरूप होती. ही कर्जे दर्शनी मूल्याने मोजली गेली. ऑक्सफॅम या संस्थेने त्याच वर्षाच्या साहाय्याचे खरे मूल्य २८ ते ३५ अब्ज डॉलर इतकेच ठरविले. ही तफावत बेरजेतील चुकीची नसून मुख्यतः व्याख्येची आहे. १९९२ च्या मूळ करारात ‘नवे व अतिरिक्त’ वित्त असा शब्दप्रयोग आहे. पण कशापेक्षा अतिरिक्त, याची सर्वमान्य व्याख्या आजतागायत झालेली नाही. त्यामुळे विकास-साहाय्याच्या खात्यातील रक्कमच हवामानाच्या खात्यातही दाखविता येते.

क्रियापदेही तपासून पाहावयास हवीत. २०१५ च्या पॅरिस कराराच्या नवव्या कलमाचा पहिला परिच्छेद विकसित राष्ट्रांनी वित्त ‘पुरवावे’ असे बंधन घालतो. तिसरा परिच्छेद ते ‘उभारण्यात पुढाकार’ घेण्याची अपेक्षा व्यक्त करतो. देणे आणि उभारणे यांत, वर्गणी देणारा व वर्गणी गोळा करणारा यांच्याइतके अंतर आहे. २०२४ मध्ये बाकू येथे २०३५ पर्यंत वार्षिक ३०० अब्ज डॉलरचे जे उद्दिष्ट ठरले, ते या दुसऱ्या भाषेत, खाजगी स्रोतांसह. ठराव संमत होताच भारतीय प्रतिनिधींनी त्यावर कडक आक्षेप नोंदविला, तो केवळ रकमेपुरता नव्हता.

‘लॉस अँड डॅमेज’ या संज्ञेचे ‘नुकसानभरपाई’ असे मराठीकरण तर सरळ चुकीचे आहे. आपल्याकडे अतिवृष्टीनंतर पंचनामा होतो, तो भरपाई मिळावी म्हणून. पॅरिसच्या ठरावाच्या ५१ व्या परिच्छेदात मात्र संबंधित कलम दायित्वाचा वा भरपाईचा आधार ठरणार नाही, असे स्पष्ट नमूद आहे. २०२२ मध्ये शर्म अल-शेख येथे या कारणासाठी स्थापण्याचे ठरलेला निधी नावाने खराच निधी आहे. पण त्यातील पैसा ऐच्छिक देणग्यांचा आहे, हक्काचा नव्हे.

महाराष्ट्रापुरते पाहू. विदर्भ-मराठवाड्यातील हवामान-अनुकूल शेतीसाठीच्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पास जागतिक बँकेने २०१८ मध्ये ४२ कोटी डॉलर मंजूर केले. प्रकल्पाची उपयुक्तता हा स्वतंत्र विषय आहे. ते कर्ज आहे, एवढेच येथे महत्त्वाचे. ज्या शेतकऱ्याचा वातावरणातील कर्बवायूत वाटा नगण्य आहे, त्याला अवर्षणाशी जुळवून घेण्यासाठी मिळणारा पैसा त्याच्याच देशाच्या सार्वजनिक तिजोरीतून फेडला जातो. बहुपक्षीय बँकांच्या अशा कर्जांतील विकसित राष्ट्रांच्या भांडवलाशी निगडित हिस्सा वर उल्लेखिलेल्या बेरजेत धरण्याची पद्धत आहे.

पदवी स्तरावरील ‘पर्यावरण अभ्यास’ शिकविताना आपण ‘हवामान निधी’ हाच शब्द फळ्यावर लिहितो. त्याऐवजी ‘हवामान-वित्त’ लिहावे आणि शेजारी अनुदान किती व कर्ज किती, हे दोन रकाने आखावेत.