हापूस किती दिवस टिकला? हा प्रश्न अपुरा आहे

आंब्याच्या साठवणुकीवरचे शोधनिबंध वाचायला घेतले की एक साचा लगेच लक्षात येतो. 'परिपक्व, एकसारख्या आकाराची फळे निवडली', मग तीन-चार तापमानं, दर काही दिवसांनी वजनातली घट, टीएसएस, आम्लता, आणि शेवटी 'अमुक तापमानाला फळ जास्त दिवस टिकले'. तक्ते नीटनेटके असतात. माझा आक्षेप पहिल्याच वाक्यावर आहे. परिपक्व म्हणजे नक्की किती?

कोकणातला बागायतदार निदान 'चौदा आणे तयार' असं तरी सांगतो, म्हणजे साधारण ८५ टक्के. निबंधात तेवढंही नसतं. हापूसला मोहोर टप्प्याटप्प्यानं येतो, म्हणून एकाच झाडावर एकाच दिवशी वेगवेगळ्या वयाची फळं असतात. आकार सारखा म्हणजे वय सारखं, असं नाही. विशिष्ट गुरुत्व किंवा गरातल्या शुष्क पदार्थाचं प्रमाण दिलं असतं, तर वाचणाऱ्याला काही आधार मिळाला असता.

यानं बिघडतं काय? काढणीच्या वेळी आंब्यात स्टार्च जास्त आणि साखर कमी असते. पिकताना त्या स्टार्चची साखर होते. कोवळ्या फळात मुळात स्टार्चच कमी, शिवाय ते पिकतंही उशिरा. म्हणजे तक्त्यात ते 'जास्त टिकलं' आणि खाताना फिकं लागलं! आपण तापमानाचा परिणाम मोजला की कोवळेपणाचा, हे मग कळणार कसं?

उलट काढणी लांबवली की साका वाढतो. बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेतल्या कामानं साक्याचा संबंध कोयीतल्या बीजात सुरू होणाऱ्या अंकुरणाशी जोडला आहे. साका बाहेरून दिसत नाही, फळ कापल्यावरच कळतो. तरी कित्येक निबंधांत सालीचा रंग येतो, साक्याचं प्रमाण येत नाही.

टीएसएसबद्दलही सावध राहा. फळातलं पाणी उडालं की उरलेला रस दाट होतो आणि आकडा चढतो. सुरकुतलेलं फळ कागदावर गोड ठरू शकतं. म्हणून वजनातली घट आणि टीएसएस हे दोन तक्ते शेजारी ठेवून वाचायचे.

सगळ्यात मोठी चूक प्रयोग थांबवण्याच्या वेळेत आहे. साधारण १२-१३ अंश सेल्सिअसखाली हिरव्या आंब्याला शीत इजा होते, पण ती बऱ्याचदा फळ बाहेर काढून नेहमीच्या तापमानाला ठेवल्यावरच दिसते : डागाळलेली साल, अर्धवट पिकलेला गर, हरवलेला स्वाद. शीतगृहाच्या दारातच मोजमाप संपवलं, तर कमी तापमान नेहमीच जिंकणार.

अशा कामाचा उपयोगच नाही, असं मी म्हणत नाही. वजन किती घटतं, सड किती होते, हे त्यातून चांगलं कळतं. पण त्यावरून थेट शिफारस केली, तर त्या तापमानाला पेट्या पाठवणाऱ्या बागायतदाराचं नुकसान ग्राहकानं आंबा कापल्यावर उघड होतं.

तुम्ही प्रयोग आखत असाल, तर काढणीचे किमान दोन टप्पे घ्या, झाडांची नोंद ठेवा आणि साठवणीनंतर फळं पूर्ण पिकू द्या. एकाच पेटीतली दहा फळं म्हणजे दहा पुनरावृत्ती नव्हेत, हेही आधीच ठरवून टाका. हंगाम वर्षातून एकदाच येतो, त्यामुळे ही चूक एप्रिलमध्ये झाली की पुढच्या एप्रिलपर्यंत थांबावं लागतं.